पट काढला आणि पोरगा बाद

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ज्युदो शिकवतो. निम्मी पोरं तालमीतून आलेली, कुस्ती अंगात मुरलेली. दिवाळीनंतर आम्ही निमंत्रितांची स्पर्धा भरवतो, आसपासचे क्लब येतात. मागच्या खेपेला खुल्या गटाच्या फायनलमध्ये आमच्या एका मुलानं एकेरी पट काढला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडलं. समोरचा सपशेल पाठीवर. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला आणि पंचांनी शिदो, म्हणजे नियमभंगाची ताकीद, दिला. तो तिसरा होता, म्हणजे मुलगा बाद. त्याचे वडील जुने पैलवान. मॅटच्या कडेला येऊन म्हणाले, "अस्मान दाखवणारा हरला आणि अस्मान बघणारा जिंकला, हा कसला खेळ?"

तेव्हापासून समितीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, पायाला हात लावायची मुभा द्या, शिदो काढून टाका, जुना ज्युदो आणा. दुसऱ्या तटात आमचे मुख्य पंच. ते म्हणतात, आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम तोच आपला, काना-मात्रा बदलणार नाही. सचिव मी, आणि दोन्हीकडचे लोक माझे मित्र. पुढच्या महिन्यात बैठक आहे. नियम बदलावेत का, बदलले तर कुठले? आणि त्या मुलाला काय सांगू? तो तेव्हापासून वर्गाला येत नाही.

एक ज्युदो प्रशिक्षक

*

सर, नमस्कार.

मुलाचं शेवटी बोलू. आधी बैठक.

"जुना ज्युदो आणा" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, कुठल्या सालचा? ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा काढली १८८२ मध्ये. ज्युदो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा दिसला १९६४ ला, टोकियोत. कोका नावाचा चिल्लर गुण मधल्या काळात आला आणि २००८ संपता संपता गेला. युको हा दुसरा छोटा गुण २०१७ ला काढला आणि २०२५ ला पुन्हा बसवला. दोन वाझा-आरी (अर्धे गुण) मिळून इप्पोन (पूर्ण गुण, लढत तिथेच जिंकली), ही तर खेळाची ओळखच. तीही २०१७ मध्ये काढून टाकली आणि चूक लक्षात आल्यावर वर्षभरात परत आणली. त्यामुळे जुना म्हणजे नेमका कुठला, हे त्यांनी आधी आपसात ठरवावं. प्रत्येक जण आपण तरुण असतानाचा ज्युदो जुना आणि खरा धरतो, मीही धरते.

आणि तुमच्या मुख्य पंचांना सांगा, ज्या पुस्तकाचा काना-मात्रा बदलायचा नाही, ते पुस्तक साधारण दर ऑलिंपिकनंतर बदलतं. खुद्द जपाननं २०२५ च्या अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत पायाला हात लावायची मुभा पुन्हा दिली. आंतरराष्ट्रीय नियम वेगळा असताना, घरच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत. मग निमंत्रितांच्या स्पर्धेत तुम्ही एखादा प्रयोग केला तर आभाळ कोसळणार नाही.

आता मूळ मुद्दा. पायाला हात लावायची बंदी आलीच का, हे पहिल्या तटाला बहुधा ठाऊक नाही. त्यांना वाटतं, साहेब लोकांना कुस्ती आवडत नाही म्हणून. तसं नाही. २००८ च्या आसपासच्या लढती मोबाइलवर शोधून दाखवा. दोघं कमरेत वाकलेले, कपाळाला कपाळ, कंबर मागे, हात लांब करून एकमेकांना दूर ठेवलेलं. कॉलर कुणी धरूच देत नाही. मिनिट-दीड मिनिट हेच चालतं, मग पंच ताकीद देईल या भीतीनं एक जण समोरच्याच्या गुडघ्यावर झेप घेतो, पोटावर पडतो, माते (पंचाचा 'थांबा') होतं, दोघं उठतात, गी (ज्युदोचा पोशाख) सारखी करतात, पुन्हा तेच. झेप लागली तर गुण, नाही लागली तरी आक्रमण केल्याचं दिसलंच. सगळा फायदा, तोटा काहीच नाही. सोव्हिएत सांबोतून, जॉर्जियाच्या चिदाओबातून, मंगोलियाच्या कुस्तीतून आलेल्या मल्लांचे पट सुंदर होते, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती पटाचा ढालीसारखा वापर करणाऱ्यांबद्दल. ज्युदो कुस्तीपेक्षा वेगळा दिसला पाहिजे, हाही हेतू त्यात होता असं अनेक जण म्हणतात, आणि मला ते पटतं.

म्हणून २०१० ला पहिला नियम आला: पायावर थेट हल्ला बंद, पण दुसऱ्या डावाला जोडून किंवा प्रतिडाव म्हणून पाय धरलेला चालेल. कागदावर हा नियम मला आजही सगळ्यात न्याय्य वाटतो. मॅटवर त्याचं मातेरं झालं. समजा एकानं औची-गारीसाठी (आतून पाय अडकवून पाडायचा डाव) पाय आत घातला आणि त्याच झटक्यात हात गुडघ्यामागे गेला. पहिला डाव खरा होता की नुसता दाखवायला पाय हलवला? पंचाला अर्ध्या सेकंदात समोरच्याच्या मनातलं ओळखायचं होतं, आणि चुकला तर एका खेळाडूची स्पर्धा संपत होती, कारण शिक्षा हान्सोकुमाके, म्हणजे थेट बाद, होती. दोन पंच एकाच डावाला दोन निकाल द्यायला लागले. २०१३ ला महासंघानं कंटाळून सगळंच बंद केलं, कमरेखाली हात नको म्हणजे नको. पुढे शिक्षा हलकी होऊन शिदोवर आली. तुमच्या मुलाच्या वडिलांना सांगा, २०१३ मध्ये त्याला तिसऱ्या शिदोची वाटही बघावी लागली नसती.

यातून मी जी कसोटी उचलली ती अशी: पंच जिथे उभा आहे, तिथून त्याला ते दिसतं का? हात कुठे आहे ते दिसतं. पाठ टेकली का ते दिसतं. हेतू दिसत नाही. नियम जितका दिसणाऱ्या गोष्टीवर, तितका तो टिकतो. निळी गीच बघा. डच ज्युदोपटू अँटन गीसिंक यांनी १९८६ मध्ये सुचवली, जपानी मंडळींनी पवित्र पांढरा रंग म्हणून कडाडून विरोध केला, अखेर १९९७ ला मान्य झाली. कोण कोणाच्या वर पडलं हे पंचाला आणि टीव्हीवरच्या माणसाला कळायला लागलं, आणि आज त्यावर कोणी ब्रसुद्धा काढत नाही.

अर्थात दिसणारी गोष्टही वादातीत नसते. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत, अहिल्यानगरला, शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण तो वाद निदान चित्रफीत थांबवून बघता येतो. "हा मनापासून लढत नव्हता" हे कुठल्या चित्रफितीत बघणार?

आणि हाच खरा शिदोचा आजार आहे. तुमची मंडळी पटावरून भांडतायत, पण लोकांना ज्युदो कंटाळवाणा वाटतो तो शिदोमुळे. दोन खेळाडू एकमेकांना एकदाही न फेकता उभे राहतात आणि एकाच्या नावापुढे तिसरी पट्टी लागली की दुसरा हात वर करतो. बऱ्याच खेळाडूंचा डावपेच आता समोरच्याला फेकण्याचा नसतो, त्याला शिदो मिळवून देण्याचा असतो: पकड तोडायची, पुढे ढकलत न्यायचं, पंचाकडे बघायचं. मी त्यांना दोष देत नाही. नियम ज्याला बक्षीस देतो, तेच मैदानात पिकतं.

तरी शिदो काढून टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ताकीदच नसेल तर एक वाझा-आरी मिळवलेला खेळाडू उरलेला वेळ मॅटच्या कडेकडेनं फिरत काढेल. निष्क्रियतेवर काय करायचं हा प्रश्न कुस्तीलाही सुटलेला नाही. २०१३ पर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असायच्या आणि फेरी शून्य-शून्य राहिली की पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. ज्याच्या रंगाचा निघाला त्याला समोरच्याचा पाय हातात देऊन सुरुवात. चार-चार वर्षं घाम गाळलेल्या पैलवानाचा निकाल सोडतीवर! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला २०२० च्या मुख्य यादीतून वगळायचं ठरवलं, तेव्हा कुठे जाग आली. अध्यक्ष बदलले, चेंडू गेले, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि सगळ्या गुणांची बेरीज आली, आणि सप्टेंबरात कुस्ती परत आत आली. इतकी वर्षं सगळ्यांना खटकणारा नियम काही महिन्यांत बदलता आला. मनात आणलं असतं तर आधीही बदलता आला असता.

गोल्डन स्कोअरबद्दल, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेबद्दल, थोडक्यात. मोठ्यांना तो अमर्याद असायला माझी हरकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोदोकानमध्ये आबे हिफुमी आणि मारुयामा जोशिरो टोकियो ऑलिंपिकच्या जपानी संघातल्या एका जागेसाठी चोवीस मिनिटं झुंजले. ती लढत पाहिलेला माणूस वेळेची मर्यादा मागणार नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना, दिवसातली चौथी लढत असताना, संपेपर्यंत लढा म्हणणं बरोबर नाही. दमलेलं पोर मान सावरत नाही.

आता तुमच्या स्पर्धेपुरतं माझं मत.

लहान गटांत पायाला हात नकोच. धोका हे कारण नाही, तालमीत याहून लहान पोरं पट काढतात. कारण शिकण्याचं आहे. बाही आणि कॉलर धरून ताठ उभं राहायचं, समोरच्याचा तोल हातांतून ओळखायचा, हे यायला वर्षं जातात, आणि पहिल्याच वर्षी पटावर मेडल मिळालं तर पोरगं ते शिकायचे कष्ट घेत नाही. दोन्ही गुडघे टेकून घातलेला सेओई-नागेही (पाठीवर घेऊन फेकायचा डाव) लहानांना बंद ठेवा, जपानमध्ये मुलांच्या स्पर्धांत तो बंदच असतो. जाता जाता एक: जपाननं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण पालक आणि प्रशिक्षक जिंकण्यासाठी पाचवी-सहावीच्या पोरांची वजनं उतरवायला लागले होते. तुमच्याकडे वजनाच्या दिवशी सकाळी उपाशी पोरं येत असतील तर पटाआधी तो विषय घ्या.

वजनी गटांत, जिथून मुलं पुढे जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांना जातात, तिथे मुख्य पंचांचं ऐका. काना-मात्रा बदलू नका. त्या स्पर्धांवर प्रमाणपत्रं आणि क्रीडागुण अवलंबून असतात, आणि गावात एक सवय लावून मुलाला जिल्ह्याला पाठवणं म्हणजे त्याला फसवणं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटही नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. ताकद आणि डाव असूनही सहाव्या क्रमांकावर थांबावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य आलं. गोळेश्वरच्या मातीतला माणूस तोच होता, मधल्या काळात मॅटची आणि नियमांची ओळख झाली होती.

प्रयोग करायचा तो खुल्या गटात, आणि एकच. नियम एका वाक्यात लिहा: "एका हातानं समोरच्याच्या गीची कंबरेच्या वर पकड असेल, तोवर दुसरा हात पायाला लावता येईल." बस. जोडडाव, प्रतिडाव, थेट, आडून, यातलं काही नको. बाही सुटली आणि हात पायाला, तर शिदो. हे कोपऱ्यातल्या पंचालाही दिसेल आणि गॅलरीतल्या पैलवानालाही. शिवाय गुडघ्यावर झेप घेणाऱ्याची सोय आपोआप संपते, कारण बाही धरून लांबून झेप घेता येत नाही. जवळ यावं लागतं, आणि जवळ आला की तोही फेकला जाऊ शकतो. मला खुल्या गटात तेच बघायचंय.

दुसरा एक बारीकसा बदल जमला तर करा. गोल्डन स्कोअर दोन मिनिटांचा ठेवा आणि तोवर गुण झाला नाही तर तीन पंचांनी निशाणं उचलावीत. पूर्वी ही पद्धत होतीच. तुम्ही म्हणाल, ताई, निशाण म्हणजे पंचाचं मतच की, तुमच्या कसोटीला हे बसत नाही. नाहीच बसत. पण तीन माणसं उघडपणे आपलं मत सांगतात आणि निकाल "कोण चांगला लढला" यावर लागतो. "कुणाच्या चुका मोजून तीन झाल्या" यापेक्षा मला ते परवडतं. तीन शहाणे पंच मिळत नसतील तर मात्र हा नाद सोडा.

बैठकीत "पट हवा की नको" यावर मतदान घेऊ नका. घेतलंत तर ज्याची माणसं जास्त आली तो जिंकेल आणि हरलेला तट पंच पाठवणार नाही. त्याऐवजी मागच्या स्पर्धेतल्या पालकांच्या मोबाइलमधल्या चार-पाच लढती गोळा करा, त्यांत ती फायनल असू द्या. आवाज बंद करून दाखवा. शिदो मिळायच्या क्षणाआधी थांबवा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा, शिदो कुणाला आणि कशाबद्दल. चिठ्ठ्या वाचल्या की दोन्ही तटांत सगळ्यांची उत्तरं सारखी नाहीत हे समोर येईल. जिथे चिठ्ठ्या जुळल्या, तो नियम ठीक आहे, त्याला हात लावू नका. जिथे फाटाफूट झाली, तिथेच बोला. मुख्य पंचांचा मान राहील, कारण त्यांचं काम किती अवघड आहे हे बाकीच्यांना पहिल्यांदा हातात पेन धरून कळेल.

नियम बदलून सगळं सुटतं असंही समजू नका. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये साठ किलोत जपानच्या नागायामा आणि स्पेनच्या गॅरिगोस यांच्या लढतीत पंचांनी माते पुकारल्यावरही गळा आवळणारी पकड काही सेकंद सुटली नाही आणि नागायामा शुद्ध हरपून लढत हरला. माते म्हटलं की सोडायचं, हा नियम होताच. तो पाळला गेला नाही. तुमच्या हॉलमध्ये टाळ्या आणि हलगीच्या गोंगाटात मातेचा आवाज पोरांना ऐकू येतो का, ते एकदा मॅटवर उभं राहून बघा.

आता तो मुलगा. त्याला आधी विचारा, पहिले दोन शिदो कशाचे होते? तुमच्या पत्रात सगळे तिसऱ्याबद्दलच बोलतायत. माझा अंदाज सांगते: एक पकड न धरल्याचा असेल आणि दुसरा कमरेत वाकून मागे हटल्याचा. तालमीतून आलेल्या पोरांना हेच दोन लागतात, कारण कुस्तीत अंगावर धरायला कापड नसतं आणि वाकून उभं राहणं हाच तिथला पवित्रा. तसं असेल तर तो पटामुळे बाद झालेला नाही. तो बाही धरायला शिकला नाही म्हणून बाद झाला, आणि ते काम तुमचं आहे, सर. रागावू नका.

त्याला मुळापासून शिकवायची गरज नाही. धोबीपछाड त्याला येत असेल, सेओई-नागे त्याचा सख्खा भाऊ. आतली टांग लावता येत असेल तर औची-गारी आठवडाभरात बसेल. आणि कलाजंग येत असेल तर त्याला काता-गुरुमा दाखवा, मग सांगा की कानोंनी हा डाव पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळून, स्वतःपेक्षा धिप्पाड गड्याला पाडायला घडवला असं सांगितलं जातं. ज्युदोनं कुस्तीकडून घेतलंय, त्यात कमीपणा कुणालाच नाही. पाय धरून केलेला काता-गुरुमा नागे-नो-कातामध्ये, म्हणजे फेकींच्या ठरावीक क्रमाच्या सरावात, आजही शिकवला जातो. स्पर्धेत तसा केला तर शिदो, आणि काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत केला नाही तर नापास. हा विनोद पोरांना फार आवडतो.

सराव करताना त्याच्या पटाला बंदी घालू नका. वर्गात आठवड्यातून एक दिवस सगळं चालू द्या, बाकीचे दिवस स्पर्धेचे नियम. कुठल्या दिवशी काय, हे फळ्यावर लिहा, म्हणजे हाताला सवय आणि डोक्याला हिशोब दोन्ही राहतील.

वडिलांना बैठकीला बोलावू नका, तिथे ते फायनलच पुन्हा लढतील. वर्गाला बोलवा. गी चढवायला लावा, एक हात बाहीवर ठेवून कलाजंग कसा बसवायचा ते पोरांना दाखवायला सांगा. जुना पैलवान दहा मिनिटं कापडाशी झगडेल, मग त्याला मजा यायला लागेल, आणि ते बघायला पोरगा आपल्या पायानं येईल.

पत्रक छापाल तेव्हा खुल्या गटाचा नियम गटाच्या नावाखालीच ठळक छापा, मागच्या पानावर नको. वजनाच्या वेळी प्रत्येक प्रशिक्षकाची त्यावर सही घ्या. स्पर्धेची तारीख ठरली की कळवा.